अहिराणी-लेवा बोलीतलं पुस्तक: पुण्या-मुंबईचा मोठा प्रकाशक की आपल्याकडचा छोटा?

वाघूरकाठ

या धाग्याचा विषय सरळ मांडतो. कथासंग्रह आहे, साधारण ४५,००० शब्दांचा. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद अहिराणीत, दोन कथांतले संवाद लेवा गणबोलीत (यावल-रावेरकडची बोली). वाचक म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार, तिकडे बागलाण-मालेगाव, आणि पोटापाण्यासाठी सुरत, नाशिक, कल्याणला गेलेली आपली माणसं. दोन वर्षांत ४०० प्रती गेल्या तरी पुष्कळ झालं, असा अंदाज धरून बोलू.

असं हस्तलिखित मोठ्या प्रकाशनाकडे पाठवून वर्ष-दीड वर्ष उत्तराची वाट बघायची, की आधीच छोट्याकडे जायचं? ‘मोठ्यांनी परत पाठवलं म्हणून छोट्याकडे गेला’ ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. ती बाजूला ठेवून कागद, हिशोब, संपादन, करार आणि विक्री यांवर बोलावं ही विनंती. कुणी कुणाला कसं बुडवलं ते इथे नको.

पांझराकाठ

भाऊ, आधी शब्द नीट वापरू. ‘छोटा प्रकाशक’ म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात.

छोटा प्रकाशक वर्षाला पाच-दहा पुस्तकं काढतो, ती स्वतः निवडतो, नको ती परत करतो, छपाईचा पैसा स्वतः घालतो आणि विक्रीतून काढतो. दुसरा असतो तो पैसे घेऊन पुस्तक छापून देणारा. तोही ‘प्रकाशन’ अशीच पाटी लावतो, पण त्याची कमाई लेखकाकडून होते, वाचकाकडून नाही. पुस्तक खपलं काय आणि न खपलं काय, त्याचं काही अडत नाही. म्हणून तो परत पाठवत नाही, संपादन करत नाही आणि विकायची धडपडही करत नाही.

ओळखायची खूण एकच: पैसा कुठून कुठे जातो ते बघा. थेट मागत नसतील तर ‘लेखकाने २०० प्रती विकत घ्याव्यात’ अशी अट बघा. २४० रुपयांचं पुस्तक ४० टक्के सवलतीने १४४ ला पडतं. २०० प्रतींचे २८,८०० झाले. ५०० प्रतींच्या छपाईचा बहुतेक सगळा खर्च त्यात निघतो. म्हणजे पुस्तक तुम्हीच छापलंत, आणि हक्क मात्र त्यांच्याकडे गेले.

‘आयएसबीएनचे इतके हजार’ असं कुणी सांगितलं तर तिथूनच उठा. दिल्लीची राजा राममोहन रॉय आयएसबीएन एजन्सी पुस्तकाच्या ओळखीचा हा क्रमांक फुकट देते, अर्ज ऑनलाइन होतो, आणि लेखक स्वतःच्या नावानेही तो घेऊ शकतो.

मोठा की छोटा हा प्रश्न या पैसे घेऊन छापणाऱ्याला बाजूला काढल्यावरच सुरू होतो.

जुजबंदी

आता छपाईचा हिशोब. छोटा का परवडतो ते त्यातूनच कळतं.

४५,००० शब्द, डेमी आकार (साडेपाच बाय साडेआठ इंच), पृष्ठाला साधारण ३०० शब्द धरले तर मजकूर १५० पृष्ठांचा होतो. पुढची पृष्ठं ६ आणि मागे शब्दसूचीला ४, म्हणजे एकूण १६०. एकत्र छापून घडी पडणाऱ्या सोळा पृष्ठांचे बरोबर दहा फॉर्म. हा आकडा जपा. १६३ झाली की अकरावा फॉर्म उघडतो आणि त्यातली १३ पृष्ठं कोरी राहतात. तेव्हा अक्षर पाव पॉइंटने कमी करा किंवा अर्पणपत्रिका आणि ऋणनिर्देश एकाच पानावर घ्या.

२३×३६ इंचाच्या तावावर (छपाईच्या मोठ्या कागदावर) दोन्ही बाजू मिळून ३२ पृष्ठं बसतात. एका प्रतीला ५ ताव, ५०० प्रतींना २,५०० ताव, म्हणजे ५ रीम (रीम म्हणजे ५०० ताव). नासाडीला अर्धा रीम जास्त. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथो कागदाचा हा रीम पावणेएकोणीस किलोच्या आसपास भरतो, म्हणजे एकूण शंभरेक किलो कागद.

प्लेटचा खर्च ५०० प्रतींना जितका तितकाच १,००० ना. मशीन लावायची मजुरीही तीच. म्हणून मोठ्या छपाईत प्रत स्वस्त पडते. समजा ५०० छापल्या तर प्रत ६० रुपयांना आणि १,००० छापल्या तर ४५ ला पडते. (दर गावागणिक आणि कागदाच्या भावाप्रमाणे बदलतात, हे आकडे हिशोबापुरते.) अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ यांचे वरचे २५,००० धरा. किंमत २४०, रॉयल्टी छापील किमतीवर १० टक्के, म्हणजे २४.

मोठ्याची वाट: १,००० प्रती, खर्च ४५,००० अधिक २५,००० म्हणजे ७०,०००. वितरक आणि दुकान मिळून ४५ टक्के घेतात. हातात १३२ येतात, रॉयल्टी वजा जाता १०८. खर्च निघायला ६४९ प्रती खपायला हव्यात. कार्यालय, पगार, गोदाम यात धरलेलंच नाही. ४०० वाचकांचं पुस्तक त्यांनी का घ्यावं? त्यांच्या नकाराचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो. पुस्तक वाईट आहे असं त्यात काही नसतं.

छोट्याची वाट: ५०० प्रती, ३०,००० अधिक २५,००० म्हणजे ५५,०००. तो थेट वाचकाला २० टक्के सवलतीने विकतो. हातात १९२, रॉयल्टी जाऊन १६८. ३२८ प्रतींवर खर्च निघाला.

पण हाच छोटा प्रकाशक वितरकामार्फतच विकू लागला तर पुन्हा १०८ हातात, आणि खर्च निघायला ५१० प्रती लागतात. छापल्या आहेत ५००. सगळी आवृत्ती संपली तरी तो तोट्यात! म्हणून छोट्या प्रकाशकाला पहिला प्रश्न हा विचारा: थेट विक्री कशी करता? ग्राहकांची यादी आहे का, मेळाव्यात टेबल लावता का, पोस्टाने पाठवता का? त्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर तो टिकणार नाही, माणूस कितीही चांगला असो.

वाघूरकाठ

५१० विरुद्ध ५०० हे डोक्यातच आलं नव्हतं. आभार, अण्णा.

गिरणाकाठची

हिशोब महत्त्वाचा आहेच, पण अशा पुस्तकासाठी मी संपादनाला वरचं स्थान देईन. बोली कळणारा संपादक हेच छोट्याकडे जाण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे.

मोठ्या प्रकाशनातला संपादक आपल्या कामात तयार असतो, पण त्याचा कान प्रमाण मराठीचा. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो: डोया, काया, जयगाव. ‘डोया’वर मुद्रितशोधक लाल खूण करतो आणि तिथे चूक निदान दिसते तरी. ‘काया’ मात्र प्रमाण मराठीतही शब्द आहे, अर्थ शरीर. ‘काया बैल’ वाचून तो थबकतो, आणि एका ठिकाणी ‘काळा’ करतो, दुसऱ्या ठिकाणी तसंच ठेवतो. पुस्तकभर अशी सरमिसळ झाली की पात्राची जीभच बदलते. ‘शे’चं ‘आहे’, ‘मले’चं ‘मला’, ‘घरमा’चं ‘घरात’: एकेक बदल किरकोळ वाटतो, पण चाळीस पानांनंतर ती बाई खान्देशातली उरत नाही.

दुसरी गोष्ट लेवा गणबोलीची. तिथेही ‘मियते’सारखी रूपं आहेत, म्हणून बाहेरच्याला दोन्ही बोली एकच वाटतात. पण अहिराणीचं ‘शे’, ‘मना’, ‘तुना’ लेवा पात्राच्या तोंडी घातलं तर यावल-रावेरचा वाचक पहिल्याच पानावर पुस्तक मिटेल. अहिराणीतही धुळ्याकडची, बागलाणातली, नंदुरबारकडची वळणं वेगळी. ‘ऱ्हायना’ लिहायचं की ‘राह्यना’? दोन्ही ऐकू येतात. कुठलं पात्र कुठल्या गावचं ते ठरवून एकेक रूप पक्कं करावं लागतं.

म्हणून कुणाकडेही गेलात तरी हस्तलिखितासोबत शब्दांचा तक्ता द्या. चार रकाने: बोलीतला शब्द, ठरवलेलं लेखन, अर्थ, कुठल्या पात्राच्या तोंडी. दीडशे-दोनशे नोंदी होतात. मुद्रितशोधकाने शंका आली की तक्ता बघायचा, स्वतःच्या मनाने सुधारायचं नाही, हे करारात एका ओळीत लिहून घ्या. छोटा प्रकाशक ही ओळ मान्य करतो, कारण ते पुस्तक बोलीसाठीच तो काढत असतो. मोठ्या ठिकाणी प्रकाशनाची ठरलेली लेखनपद्धती सगळ्या पुस्तकांना लागते, तिच्यातून अपवाद काढून घ्यायला चार पत्रं लिहावी लागतात.

तळटीपांचाही आग्रह होतो. प्रत्येक ‘आंडेर’ला खाली ‘मुलगी’ अशी टीप आली की कथा अडखळते. मागे शब्दसूची द्या, आणि वाक्यातूनच अर्थ लागतो ते शब्द तिथूनही गाळा.

मुद्रितपारखी

ताईंच्या मुद्द्याला तांत्रिक जोड देतो. बोलीची नासाडी संपादकापेक्षा फॉन्टबदलात जास्त होते.

लेखक आज मोबाईलवर किंवा वर्डमध्ये युनिकोडात लिहितो. आपल्याकडच्या पुष्कळ अक्षरजुळणीवाल्यांकडे अजून पेजमेकर हे मांडणीचं जुनं सॉफ्टवेअर आणि श्रीलिपी किंवा आयएसएमचे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट आहेत. मजकूर कन्व्हर्टरमधून जातो आणि तिथे हमखास मोडतं ते असं:

- ‘ऱ्हायना’, ‘दऱ्या’, ‘पोऱ्या’ यातला अर्धा ऱ. कन्व्हर्टर त्याचा रफार करून पुढच्या अक्षरावर चढवतो आणि ‘र्हायना’ छापून येतं. अहिराणीत हा ऱ पानोपानी आहे.
- ‘ॲ’ आणि ‘ऑ’ गायब होतात किंवा चौकोन येतो.
- उद्गारातला अवग्रह, ‘माऽय’सारखा, इंग्रजी एस होऊन बसतो.
- अवतरणचिन्हं उलटी होतात.

इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट युनिकोड लावलं तर यातलं बरंचसं टळतं, पण तिथे परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (आपल्यासारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) निवडलेला हवा. नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटतात.

प्रूफं तीन घ्या. पहिलं हस्तलिखिताशी ओळीला ओळ लावून, एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने बघायचं. दुसरं लेखकाने. तिसऱ्यात फक्त दुसऱ्यातल्या दुरुस्त्या उतरल्या का, आणि त्या करताना शेजारची ओळ बिघडली का, एवढंच. तिसऱ्या प्रुफावर वाक्यं बदलायला बसू नका, तिथूनच नवीन चुका शिरतात.

छोट्या प्रकाशकाकडे लेखक अक्षरजुळणीवाल्याच्या शेजारी दोन तास बसू शकतो. अमळनेरहून पुण्याला पीडीएफवर खुणा करून पाठवण्यात आणि असं बसण्यात मोठा फरक आहे.

सातपुडापायथा

सगळे छोट्याच्या बाजूने बोलताहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. त्याच्याकडे काय नसतं तेही लेखकाला आधी कळलं पाहिजे.

दुकान. पुण्या-मुंबईच्या दुकानात छोट्याचं पुस्तक ठेवायला जागा नसते. ठेवलंच तर विक्रीनंतर पैसे, तेही चार-सहा महिन्यांनी. दोन-तीन दुकानांत शंभर प्रती अडकल्या की पुढच्या पुस्तकाचा कागद घ्यायला पैसे उरत नाहीत. बहुतेक छोटी प्रकाशनं पुस्तकं खपली नाहीत म्हणून बंद पडत नाहीत, खपलेल्यांचे पैसे वेळेवर आले नाहीत म्हणून पडतात.

ग्रंथालयं. सार्वजनिक ग्रंथालयांची खरेदी अनुदान हातात आल्यावर होते आणि पुष्कळदा मोठ्या विक्रेत्यामार्फत एकगठ्ठा. ग्रंथालय संचालनालयाच्या निवडयादीत नाव असेल तर सोपं जातं, पण त्यासाठी प्रकाशकाने वेळेत अर्ज करून प्रत पाठवावी लागते. मोठ्यांकडे हे काम ठरलेला माणूस करतो. छोट्याकडे विसरलं जातं. तसंच १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रसिद्धीनंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना, त्यात मुंबईचं एक आहे, एकेक प्रत स्वखर्चाने द्यायची असते. पन्नास वर्षांनी कुणाला आपलं पुस्तक शोधायचं झालं तर तिथे सापडेल. हे करता का, असं जरूर विचारा.

प्राध्यापक मंडळींचा प्रश्न वेगळा आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत राष्ट्रीय प्रकाशकाकडच्या पुस्तकाला १० आणि आंतरराष्ट्रीय प्रकाशकाकडच्या पुस्तकाला १२ गुण धरले आहेत. ज्याला बढतीसाठी पुस्तक हवं त्याने छोट्या प्रकाशकाकडे जाताना हे आधी तपासावं.

आणि सगळ्यात मोठा धोका: एका माणसाचं प्रकाशन. तो माणूस आजारी पडला की पुस्तक थांबलं. कायद्याने त्याची मालकी आणि तो माणूस एकच, त्यामुळे त्याच्यामागे हक्क वारसांकडे जातात आणि त्यांना साहित्यात रस असेलच असं नाही. साठा कुठल्यातरी खोलीत वाळवी लागून जातो.

पांझराकाठ

शेवटचा मुद्दा अगदी खरा, आणि त्यावरचा उपाय करारातच आहे. म्हणून करार.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९. हक्क सोपवणं लेखी आणि लेखकाच्या सहीनेच होतं. कुठली कृती, कुठले हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात आणि किती मोबदला, हे त्यात यायला हवं. काळ लिहिला नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि सोपवलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो संपतो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. छापील नमुन्यात ‘वेगळं’ हमखास लिहिलेलं असतं, ते शोधा.

छोट्याकडे जाण्याचा फायदा हा की तो मसुद्यावर बोलायला बसतो. मोठ्याचा नमुना ठरलेला असतो, नवख्या लेखकासाठी तो बदलत नाहीत. बसलात की इतकं मिळवा:

फक्त छापील मराठी आवृत्तीचा हक्क द्या. ई-पुस्तक, ऑडिओ, भाषांतर, नाटक-चित्रपट, पाठ्यपुस्तकात उतारा हे सगळं लेखकाकडे. बोलीतल्या कथेला ऑडिओ फार शोभतो, तो हक्क चुकून देऊन बसू नका. प्रकाशक म्हणाला की आम्हीच करू, तर एक वर्षाची मुदत द्या.

रॉयल्टी छापील किमतीवर लिहून घ्या. २४० वर १० टक्के म्हणजे २४ रुपये. ‘निव्वळ प्राप्तीवर १० टक्के’ असं असेल तर ४५ टक्के वजावटीनंतर १३ रुपये २० पैसे. दोन शब्दांत जवळपास निम्मी रक्कम जाते.

हिशोब दर ३१ मार्चला, आणि त्यात पाच आकडे: छापल्या, विकल्या, भेट-अभिप्रायाला गेल्या, परत आल्या, शिल्लक. पाचवा आकडा पहिल्या चारांशी जुळला पाहिजे. शंका आली तर मुद्रणालयाचं बिल आणि बाइंडरचं चलन बघायचा हक्क लिहून ठेवा.

साठा २५ प्रतींच्या खाली गेला आणि लेखकाच्या पत्रानंतर सहा महिन्यांत पुन्हा छापलं नाही, तर हक्क परत. इथे ‘मागणीनुसार एकेक प्रत छापता येते म्हणून पुस्तक उपलब्धच आहे’ ही पळवाट बंद करा. उपलब्ध म्हणजे छापून तयार असलेली प्रत, असं स्पष्ट लिहा.

प्रकाशन बंद पडलं, मालकाचं निधन झालं किंवा सलग दोन वर्षं हिशोब आला नाही तर हक्क आपोआप परत, आणि शिल्लक प्रती छपाईखर्चात घ्यायचा पहिला अधिकार लेखकाचा.

५०० च्या मुद्रांकावर करा, दोन प्रती, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. नातं कितीही जवळचं असो, गावचा माणूस असो, करार करायचाच. कागद असला की पुढे नातं सांभाळणं सोपं जातं.

गिरणाकाठची

छोट्याची परंपरा मराठीत हलकी नाही, हेही इथे नोंदवते. अरुण कोलटकरांचा पहिला मराठी कवितासंग्रह १९७७ साली अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने काढला. साठोत्तरी लघुनियतकालिकांच्या चळवळीतले लोक स्वतःच छापत आणि वाटत. त्या काळच्या मोठ्या संस्थांना मानवणार नाही अशी भाषा त्यांना छापायची होती. आपल्या बोलींचं आज तेच आहे.

केळीबाग

एक शंका. पहिल्या पुस्तकाला सरकारी अनुदान मिळतं ना? ते घेतलं तर प्रकाशकाची गरजच काय?

सातपुडापायथा

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ती पहिल्या पुस्तकासाठीच. हस्तलिखित मंडळाकडे जातं, तिथे वाचलं जातं, मग मंजुरी. छोट्या प्रकाशकालाही त्याने हातभार लागतो. पण अनुदान छपाईपुरतं असतं. पुस्तक विकायला माणूस लागतोच. त्या वर्षीच्या अटी मंडळाच्या जाहिरातीत बघा, दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. पुस्तक आधीच छापून झालं असेल तर अर्जाचा उपयोग नाही.

दुसरं, राज्य वाङ्मय पुरस्कार प्रकाशनाच्या कॅलेंडर वर्षावर ठरतात. २० डिसेंबरला घाईने काढलेलं पुस्तक समीक्षकांच्या हातात पडेपर्यंत वर्ष बदलतं. जानेवारीत काढा.

जुजबंदी

विक्रीचा हंगाम आपल्याकडे वेगळा आहे, तोही सांगतो. जून-जुलैत पेरणीच्या दिवसांत पुस्तक काढू नका, हातात पैसा नसतो आणि सवडही. कापसाचे पैसे येऊ लागले की डिसेंबर-जानेवारी ठीक. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात, सुरत-कल्याणची माणसं गावी असतात. बोलीतलं पुस्तक तेव्हा हातोहात जातं. बाहेरच्या प्रकाशकाच्या वेळापत्रकात आखाजी नसते.

आणि बांधणी. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. परफेक्ट बाइंडिंगचा (पानं पाठीला चिकटवलेल्या बांधणीचा) साधा हॉट-मेल्ट, म्हणजे वितळवून लावायचा, गोंद त्या उष्णतेत मऊ पडतो. वरच्या प्रतींच्या वजनाने पाठ वाकते, पुन्हा घट्ट झाला की ठिसूळ होतो आणि पान ओढलं की हातात येतं. कारणं तीन: पाठ पुरेशी खरवडलेली नसते, गोंदाचा थर पातळ असतो, किंवा कागदाचा दाणा (तंतूंची दिशा) पाठीला आडवा गेलेला असतो. दाणा पाठीला समांतर हवा. तपासायला कागदाचा तुकडा एका बाजूने ओला करा, तो ज्या रेषेभोवती वळतो ती दाण्याची दिशा.

१६० पृष्ठांची पाठ सात-आठ मिलिमीटरची, तिच्यावर जुजबंदी, म्हणजे दोऱ्याची शिलाई, आरामात होते. ग्रंथालयांसाठी १०० प्रती शिवून घ्या, बाकीच्या चिकटवा. छोटा प्रकाशक बाइंडरकडे स्वतः जात असतो म्हणून अशी विभागणी करून मिळते. सगळ्या प्रती यायच्या आधी दोन प्रती मागवा, उन्हात गाडीच्या काचेखाली दुपारभर ठेवा आणि मधूनच १८० अंशात उघडा. टिकल्या तर बाकीच्यांना हो म्हणा.

केळीबाग

पोस्टाचं काय? रजिस्टर्ड बुकपोस्ट बंद झालं म्हणून थेट विक्रीचं गणित कोलमडलं असं ऐकतो.

सातपुडापायथा

बंद झालं हे खरं, पण १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोला १०० रुपये, कर वेगळा. वस्तू कुठे पोचली ते कळतं, मात्र ती जमिनीवरून जाते म्हणून वेळ लागतो. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवंच.

अण्णांच्या हिशोबातलं पुस्तक वजनात चांगलं बसतं. ८० पानं (म्हणजे १६० पृष्ठं) ७० जीएसएमची, कापून १७० ग्रॅमच्या आसपास, मुखपृष्ठ ३०० जीएसएमचं धरून आणखी २० च्या आत. पुठ्ठा आणि पाकीट धरूनही ३०० च्या आत राहतं. दोन प्रती एकत्र घातल्या की वरच्या टप्प्यात जातं. ८० जीएसएम कागद घेतलात तरी एक प्रत बसेल. पुठ्ठाबांधणी केलीत तर मात्र वजन करूनच किंमत ठरवा.

वाघूरकाठ

करारात शेवटचं एक विचारायचं राहिलं. प्रकाशन बंद पडलं आणि हक्क परत आले, पण पुस्तक पुन्हा छापायला हातात काय असतं? सगळी अक्षरजुळणी परत करायची का?

मुद्रितपारखी

हे फार जणांच्या लक्षात येत नाही. हक्क परत मिळतो आणि फाइल मिळत नाही. छपाई झाल्याच्या १५ दिवसांत लेखकाला पुढच्या गोष्टी द्यायच्या, असं कलम घाला: छपाईला गेलेली शेवटची पीडीएफ, मांडणीची उघडता येणारी फाइल, वापरलेल्या फॉन्टची नावं, मुखपृष्ठाची थरांसह फाइल आणि चित्रकाराचं लेखी संमतिपत्र. शेवटचं नसेल तर मजकूर तुमचा पण मुखपृष्ठ दुसऱ्याचं, अशी अडचण दुसऱ्या आवृत्तीत येते.

पीडीएफ मिळाली की त्यातला एक परिच्छेद कॉपी करून मोबाईलवर चिकटवून बघा. वाचता आला तर युनिकोड. इंग्रजी अक्षरांचा काला दिसला तर जुना फॉन्ट, आणि मग शेवटच्या प्रुफावरून युनिकोड मजकूर दुरुस्त करून ठेवायचं काम तिथल्या तिथे उरकून घ्या. तिसऱ्या प्रुफातल्या दुरुस्त्या लेखकाच्या मूळ वर्ड फाइलमध्ये कधीच नसतात.

वाघूरकाठ

शब्दांचा तक्ता आजपासून सुरू करतो. ताई, नंदुरबारकडच्या दोन पात्रांसाठी ‘ऱ्हायना’ ठेवू की ‘राह्यना’?

गिरणाकाठची

पात्रांची गावं आणि दोघांचे पाच-पाच संवाद इथे टाका. तळोदा-शहाद्याकडचे वाचक धाग्यावर आहेत, त्यांनी मोठ्याने वाचून सांगू द्या. कानाला जे बसेल ते तक्त्यात लिहा आणि मग शेवटपर्यंत बदलू नका.